जुन्या संगणकावर लिनक्स लावून पाहताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला मिळणारे मोफत सुरक्षा-अपडेट थांबवले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष मिळालं, पण तेवढंच. पुढचं विंडोज ११ हवं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या घरांत आणि शाळांत असलेले कितीतरी संगणक या अटीत बसत नाहीत. वाशिंद-आसनगावहून रोज लोकल धरणाऱ्या कोणी ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप स्वस्तात घेतलेला असतो. कोणाकडे एमएस-सीआयटीचा कोर्स करताना घेतलेला कोअर टू ड्युओ संगणक अजून कोपऱ्यात चादरीखाली असतो. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल वर्ग उभा केला आणि ती शाळा राज्यभर गाजली. पुढे राज्यात गावोगावच्या शाळांनी लोकवर्गणीतून संगणक आणि प्रोजेक्टर घेतले. त्या यंत्रांचंही आता वय झालं आहे.

वय झालं म्हणून ती बिघडलेली नाहीत. स्क्रीन उजळते, कीबोर्ड चालतो, प्रोसेसर आपलं काम करतो. थकलं आहे ते त्यावरचं सॉफ्टवेअर. असा संगणक भंगारवाल्याला देण्याआधी त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली चालवून पाहावी, असं मला मनापासून वाटतं. चालवून पाहण्यासाठी संगणकातली एकही फाइल हलवावी लागत नाही. एक पेनड्राइव्ह आणि सुमारे तीन जीबी डाउनलोड, एवढ्यावर काम होतं. पहिली गोष्ट कोणाच्याही घरात सापडते. आपल्याकडे अवघड आहे ती दुसरी.

लिनक्स आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे, म्हणजे टोकावड्यापासून डोळखांबपर्यंत जवळपास प्रत्येक घरात ते आधीच पोचलेलं आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतले एकूणएक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. हा गाभा हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्याच्या आधीपासून, १९८३ पासून, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू प्रकल्प मोकळी सॉफ्टवेअरं तयार करत होता. १९९२ मध्ये टोर्वाल्ड्सने आपला गाभा ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली आणला. प्रोग्राम कोणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, वाटावा. मात्र दुसऱ्याला देताना हेच हक्क त्यालाही द्यावेत, असा तो परवाना आहे.

गावातल्या माणसासाठी या परवान्याचा अर्थ फार सरळ आहे. दुकानात संगणक 'फॉरमॅट' करून आणला की त्यावर बहुधा क्रॅक केलेलं विंडोज येतं. ते बेकायदा असतंच, शिवाय त्या क्रॅकसोबत आणखी काय आलं हे दुकानदारालाही सांगता येत नाही. लिनक्सची प्रत मित्राकडून पेनड्राइव्हवर घेतली तर ती पूर्ण कायदेशीर असते, आणि ती खरी आहे की नाही हे घरी बसून तपासता येतं. ते कसं, हे पुढे सांगतो.

इंटरनेट नव्हतं तेव्हा लिनक्स हातोहात फिरायचं. पीसीक्वेस्ट मासिकासोबत त्याच्या सीडी यायच्या. उबुंटू या लिनक्स-प्रणालीची पहिली आवृत्ती २००४ मध्ये निघाली, आणि मागणी नोंदवली की उबुंटूची सीडी पोस्टाने घरी मोफत यायची. ही सोय २०११ मध्ये बंद झाली, कारण आता सगळे डाउनलोडच करतात असं मानलं गेलं. ज्यांच्या घरापर्यंत केबल पोचली होती त्यांच्यासाठी ते खरं होतं.

आपल्या शेजारचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. मुरबाडला लागून रायगडचा कर्जत तालुका आहे. तिथल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. पहिली ते चौथीच्या मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप मिळाले. त्यांत फेडोरा लिनक्सवर बेतलेली प्रणाली होती आणि मुलांसाठी खास बनवलेलं 'शुगर' हे दर्शनी रूप होतं. हार्ड डिस्क नव्हती, मेमरी २५६ एमबी आणि साठवणूक फक्त १ जीबी. स्क्रीन भर उन्हात वाचता यायची. कीबोर्डवर एक कळ अशी होती, की ती दाबल्यावर समोर चाललेल्या प्रोग्रामचा मूळ कोड दिसावा. मुलाने यंत्र वापरावंच, पण त्याच्या आत डोकावूनही पाहावं, ही त्यामागची कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. तो प्रकल्प भारतात फारसा पसरला नाही. पण २५६ एमबीवर वाडीतली मुलं चित्रं काढत होती, लिहीत होती, हे घडलेलं आहे. तुमच्या ४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या सोळापट मेमरी आहे. आजची संकेतस्थळं तेव्हापेक्षा कितीतरी जड झाली आहेत, म्हणून हिशेब इतका सरळ बसत नाही, पण यंत्र निकामी ठरवण्याइतका वाईटही नाही.

आता डाउनलोडकडे वळू. लिनक्सच्या शेकडो डिस्ट्रो, म्हणजे त्या गाभ्याभोवती प्रोग्राम जमवून बनवलेल्या तयार प्रणाली, आहेत, आणि नवा माणूस तिथेच गोंधळतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांचा विचार करून 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली डिस्ट्रो २००७ मध्ये आणली. आपली म्हणून तिच्याविषयी आस्था आहे, पण अडल्यावर मदत चटकन मिळावी म्हणून पहिल्यांदा लिनक्स मिंट घ्यावं असं मी सांगेन. त्याची मांडणी विंडोजसारखी आहे: खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. किमान २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असली तर बरं. मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी जुन्या यंत्रासाठी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. उबुंटूची फाइल आता सहा जीबीच्या घरात गेली आहे, मिंटची तीनच्या आसपास आहे. मोबाइल डेटावर हा फरक मोठा आहे. संगणक फारच जुना, ३२ बिटचा असेल तर मिंटची नवी आवृत्ती चालत नाही, तिथे अँटिएक्स घ्यावी.

रोज दीड किंवा दोन जीबीचा पॅक असेल तर तीन जीबीची फाइल एका दिवसात येत नाही. त्यात किन्हवली, धसई अशा डोंगराकडेच्या गावांत रेंज येते-जाते, पावसाळ्यात वीज गेली की काही वेळाने टॉवरही बसतो. ब्राउझरमधून सुरू केलेलं डाउनलोड ऐंशी टक्क्यांवर तुटलं की बऱ्याचदा पुन्हा शून्यापासून सुरू करावं लागतं, आणि तिथेच माणूस नाद सोडतो. यावर उतारा टॉरंटचा. चोरीच्या सिनेमांमुळे टॉरंटचं नाव खराब झालं आहे, पण ती नुसती फाइल आणण्याची पद्धत आहे आणि मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरच टॉरंटचा दुवा दिलेला असतो. टॉरंटमध्ये फाइल छोट्या छोट्या तुकड्यांत येते. प्रत्येक तुकडा आल्या आल्या तपासला जातो. खराब निघाला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. आज दीड जीबी, उद्या दीड जीबी, मध्ये तीन दिवस रेंज नाही, असं झालं तरी काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं. घरातलं कोणी ठाण्या-मुंबईला नोकरीला असेल, किंवा शहापूर, शिवळ्याच्या कॉलेजात जाणारं असेल, तर तिथल्या चांगल्या नेटवरून फाइल पेनड्राइव्हवर आणणं सर्वांत सोपं.

फाइल आली की एक पायरी हमखास गाळली जाते, ती गाळू नये. मिंटच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलसोबत एक चेकसम दिलेला असतो: शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं यांची ६४ चिन्हांची ओळ. एसएचए-२५६ हे गणित अख्ख्या फाइलवर चालवलं की ही ओळ निघते. गणिताची गंमत अशी की तीन जीबीच्या फाइलमध्ये एक बिट जरी इकडचं तिकडे झालं तरी ओळ पूर्णच बदलते. शेवटची दोन अक्षरं वेगळी आणि बाकीची तीच, असं होत नाही. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी-एसएचए या पर्यायातून एसएचए-२५६ निवडायचं. जुन्या यंत्राला मिनिटभर लागेल, मग ओळ समोर येईल. ती संकेतस्थळावरच्या ओळीशी ताडून पाहायची. जुळली तर फाइल पूर्ण आहे आणि वाटेत कोणी तिच्यात काही घुसवलेलं नाही, हे दोन्ही एकदम कळतं. मित्राच्या मित्राकडून आलेली प्रतही अशीच तपासता येते. नाही जुळली तर ती फाइल वापरायची नाही. लिनक्स मध्येच अडकलं, स्क्रीन काळी पडली, अशा पुष्कळ तक्रारींच्या मुळाशी अर्धवट उतरलेली फाइल असते.

आता किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि त्यातले लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे ठेवा, कारण तो पूर्ण पुसला जाणार आहे. डाउनलोड केलेली फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही. ती आयएसओ प्रकारची असते, म्हणजे एका अख्ख्या डिस्कची आतल्या रचनेसकट घेतलेली प्रत. ती रचना जशीच्या तशी उतरली तरच संगणक पेनड्राइव्हवरून सुरू होतो. विंडोजवर हे काम रूफस किंवा बलेना एचर हे मोफत प्रोग्राम करतात. एकाच पेनड्राइव्हवर तीन-चार डिस्ट्रो ठेवून पाहायच्या असतील तर वेंटॉय घ्यावं: ते एकदा बसवलं की पुढे आयएसओ फाइली नुसत्या कॉपी केल्या तरी चालतात. शाळेसाठी, जिथे वेगवेगळ्या वयाची यंत्रं असतात, मी वेंटॉयच वापरायला सांगेन.

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असुसवर एस्केप किंवा एफ ८. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंटचा मेनू येतो आणि थोड्या वेळात डेस्कटॉप उघडतो. याला लाइव्ह सेशन म्हणतात. सगळी प्रणाली दाबून लहान केलेल्या रूपात पेनड्राइव्हवर असते. लागेल तो भाग तेवढ्यापुरता उलगडून मेमरीत घेतला जातो आणि तुम्ही केलेले बदलही मेमरीतच राहतात. हार्ड डिस्कला हात लागत नाही. संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढला की तुमचं विंडोज जसं होतं तसं उघडतं. एक भान ठेवायचं: फाइल मॅनेजरमध्ये विंडोजची डिस्कही दिसते. तिच्यात जाऊन तुम्हीच एखादी फाइल पुसलीत तर ती खरोखर पुसली जाईल. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर प्रोग्राम उघडायला वेळ लागतो. तो संथपणा पेनड्राइव्हचा असतो, तेवढ्यावरून लिनक्सची परीक्षा करू नये.

लाइव्ह सेशनमध्ये खरं पाहायचं ते हे, की तुमच्या यंत्राचं आणि लिनक्सचं जमतं का. आवाज येतो का, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक वेळा इंटरनेट लगेच मिळतं आणि मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर वायफायसाठी लागणारा ड्रायव्हर शोधून देतो.

आणखी एक गोष्ट याच वेळी करून पाहा. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला असा एखादा पेनड्राइव्ह घ्या, ज्यात सगळी फोल्डरं 'शॉर्टकट' झाली आहेत आणि उघडता उघडत नाहीत. आपल्याकडे हा व्हायरस घरोघरी माहीत आहे. तो पेनड्राइव्ह लाइव्ह लिनक्समध्ये लावा. खोट्या शॉर्टकटांच्या शेजारीच मूळ फोल्डरं दिसतील: मुलीच्या प्रकल्पाची फाइल, सातबाऱ्याचं स्कॅन, सगळं जागेवर. व्हायरसने त्यांना फक्त लपवल्याची खूण लावलेली असते. ती खूण विंडोज मानतं, लिनक्स मानत नाही, आणि विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस इथे सुरूही होत नाही. फोल्डरं कॉपी करून घ्या, बाकीचं पुसून टाका. ज्या संगणकाचं विंडोज सुरूच होत नाही त्यातले फोटोही असेच बाहेर काढता येतात. मात्र डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की लागते. पुढे लिनक्स कायमचं बसवायचं नसलं तरी एवढ्या कामासाठी हा पेनड्राइव्ह घरात असावा.

मराठी टंकलेखनाची सोय चांगली आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी आयबस आणि एम-१७-एन ही जोडी बसवली की मराठीचे इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक असे लेआउट मिळतात. अक्षरं नीट दिसतात, कारण रेड हॅटच्या पुढाकाराने तयार झालेल्या लोहित मालिकेत देवनागरीचा फाँट पूर्वीपासून आहे. मेनूही मराठीत करता येतात, पण मधूनच इंग्रजी डोकावतं. तिथे अनुवादकांची गरज आहे, आणि हे काम प्रोग्रामिंग न येणारा माणूसही करू शकतो. अडचण येते जुन्या फाइलींची. श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली ग्रामपंचायतीची पत्रं फाँट नसेल तर निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. फाँटची फाइल बसवली की ती वाचता येतात, पण ती एकदाची युनिकोडमध्ये आणून ठेवणं केव्हाही बरं.

जिथे लिनक्स लावू नये ती ठिकाणंही स्पष्ट सांगायला हवीत. टॅलीवर हिशेब ठेवणारा दुकानदार, कोरल ड्रॉवर फ्लेक्स बनवणारा, फोटोशॉपवर पोट असणारा स्टुडिओवाला यांनी कामाच्या यंत्रावर विंडोजच ठेवावं. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारी यंत्रं ज्या आरडी सर्व्हिसवर चालतात ती मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी आहे, तेव्हा सेवा केंद्राच्या संगणकाचाही हा मार्ग नव्हे. कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर आपल्याकडच्या असंख्य टेबलांवर आहे. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि हट्टी आहे, बसवताना घाम काढतो. एचपीचे बरेचसे प्रिंटर मात्र जोडताक्षणी चालतात. घरात एलबीपी असेल तर लिनक्सवरून पीडीएफ करून दुकानात छापून घ्यायची तयारी ठेवावी. पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, ब्राउझिंग, व्हिडिओ, फॉर्म भरणं, लिबरऑफिसमधले तक्ते, या सगळ्याला अडचण नाही. वर्डच्या फाइली उघडतात. गुंतागुंतीचे तक्ते कधीकधी सरकतात, म्हणून कोणाला पाठवताना पीडीएफ पाठवावी.

चार-आठ दिवस पेनड्राइव्हवरून वापरून समाधान झालं तरच बसवण्याचा विचार करा. डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल' या चिन्हापासून सुरुवात होते. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवता येतं. त्यासाठी आधी विंडोजमध्येच जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करायचं, बिटलॉकर असेल तर त्याची की लिहून ठेवायची, आणि डिस्कचा भाग तिथूनच लहान करून मिंटसाठी निदान ५० जीबी जागा मोकळी करायची. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय यातलं काहीच करू नये. विजेचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपला यूपीएस जोडा, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरा. डिस्कचे भाग बदलत असताना वीज गेली तर दोन्ही प्रणाली जाऊ शकतात. जून-जुलैमध्ये ढग भरून आलेल्या दुपारी हे काम काढूच नका. आणि खर्चाची थोडी तयारी असेल तर कल्याण-उल्हासनगरहून २४० जीबीची एसएसडी आणून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी लावा. नव्या डिस्ट्रोच्या शोधाने जेवढा वेग वाढत नाही तेवढा या एका बदलाने वाढतो. जुनी डिस्क विंडोजसकट कपाटात सुरक्षित राहते, हा त्यातला वेगळा फायदा.

बसवल्यानंतर डेटाचा प्रश्न पुन्हा येतो, पण इथे मिंट समजूतदार आहे. अपडेट मॅनेजर प्रत्येक अपडेटचा आकार दाखवतो आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय काही उतरवत नाही. मिंटमधल्याच टाइमशिफ्ट या प्रोग्राममध्ये आधीच्या स्थितीची नोंद ठेवून मग अपडेट केलं, तर काही बिघडल्यास मागे फिरता येतं. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे धडे मराठीतूनही आहेत. छोटे छोटे व्हिडिओ आहेत. एकदा उतरवून घेतले की नेट न वापरता पाहता येतात. त्यांच्या जोडीला किविक्स बसवा. या प्रोग्रामसाठी अख्खं मराठी विकिपीडिया एका फाइलीत मिळतं. चांगलं नेट असेल तिथून ती फाइल एकदा आणली, की डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरही मुलांना जुन्या लॅपटॉपवर रेंजविना विकिपीडिया वाचता येतं. त्या फाइलीसोबत मिंटची तपासलेली आयएसओ आणि तिचा चेकसमही पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे पुढच्या घराला तीन जीबी पुन्हा उतरवावी लागणार नाही.